चुनखडीचं पठार आणि नदीच्या घळी: नागपूरच्या सपाटीवरून तार्नला जाताना

प्रश्न: आम्ही नवरा-बायको नागपूरचे, वय ४४ आणि ४१. आठवड्याला दीडशे किलोमीटर सायकल होते, २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) दोघांनीही वेळेत पूर्ण केली आहे. येत्या जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या तार्न नदीच्या घळीत आणि वरच्या चुनखडीच्या पठारावर सहा दिवस रोड सायकल चालवायचा बेत आहे. पठार म्हणजे सपाटच असेल ना? दोन्ही सायकलींना पुढे ५०-३४, मागे ११-२८ दातांचे गिअर आहेत. एकीला रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) आहेत, दुसरीला डिस्क. चालेल का? सराव नागपुरात कुठे करावा? सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

उत्तर:

मागचं ११-२८ बदलून ११-३४ बसवा, तेवढा खर्च टाळू नका. बाकी सगळं तुमच्याकडे आहे तेवढ्यावर निभेल, पण आधी ती जमीन कशी आहे हे नीट समजून घ्या. गिअर, ब्रेक, पाणी, दिवसाचा हिशोब, सगळं त्या जमिनीतून ठरतं.

पठार सपाट असतं हे खरं, पण तुम्ही पठारावर राहणार नाही आहात. मासिफ सेंत्राल या डोंगराळ मुलखाच्या दक्षिण टोकाला चुनखडीचे मोठे चौथरे आहेत. स्थानिक भाषेत त्यांना 'कोस' म्हणतात (आपल्या अंतराच्या कोसाशी त्याचा संबंध नाही). त्यातले प्रमुख चार: सोव्हतेर, मेजाँ, नुआर आणि लार्झाक. जुरासिक काळात समुद्रतळाशी साचलेला हा खडक, आज उंची साधारण ८०० ते १२०० मीटर. या चौथऱ्यांच्या मधून तार्न, झोंत आणि दुर्बी या नद्यांनी ४०० ते ६०० मीटर खोल घळी कापल्या आहेत. भेडाघाटला नावेत बसून दोन्ही बाजूंचे संगमरवरी कडे पाहिले असतील, तर जात ओळखीची वाटेल. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेली चुनखडीच. पण भेडाघाटचे कडे तीसेक मीटरचे, इथे त्यांची उंची कित्येक पटींनी वाढवा.

चिखलदऱ्याला किंवा पचमढीला एकदा वर पोचलं की मुक्काम वर, जेवण वर, पाणी वर. सकाळी चढायचं, परतताना उतरायचं. इथे घाट उलटा आहे. चुनखडीला भेगाच भेगा, त्यामुळे पठारावर पडलेला पाऊस थेट आत मुरतो आणि खाली घळीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. सांत-एनिमी आणि फ्लोराक ही गावं अशाच झऱ्यांच्या आधाराने वसली. माणसं पाण्याजवळ राहतात, म्हणून गावं, दुकानं, खोल्या सगळं तळाला. वर मेंढ्या, गवत आणि वारा. म्हणजे दिवसाची सुरुवात चढाने होते, शेवट उताराने होतो आणि एका पठारावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये पूर्ण उतरून पुन्हा पूर्ण चढायचं. नकाशावर दहा किलोमीटर दिसणारं अंतर हातात धरून बेत आखलात तर फसाल. इथे दिवस मोजायचा तो चढाच्या मीटरमध्ये. तुमच्या आताच्या तयारीला रोज ९०० ते १३०० मीटर चढ पुष्कळ झाला.

पहिल्या दिवशी चढूच नका. मुक्काम ल रोझिएला ठेवा, तिथे तार्न आणि झोंत एकमेकींना मिळतात. तिथून तार्नच्या काठाने सांत-एनिमीपर्यंत जा आणि त्याच रस्त्याने परत या. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. पाय मोकळे होतात आणि उजव्या बाजूने चालवायची सवय लागते.

खरी फेरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी करा. सगळ्यात उत्तम वर्तुळ माझ्या मते हे: मुक्काम सांत-एनिमीला हलवून तिथून डी ९८६ या रस्त्याने मेजाँ पठारावर चढायचं. कोपेर्लाक ही खिंड ९०७ मीटरवर आहे, म्हणजे गावापासून सव्वाचारशे मीटरच्या आसपास चढ. मग पठार ओलांडून मेरुएसला उतरायचं, तिथून झोंतच्या घळीतून डी ९९६ ने २१ किलोमीटर हलक्या उताराने ल रोझिए, आणि शेवटी डी ९०७ बिस या रस्त्याने तार्नच्या काठाने ले विन्य, ला मालेन करत परत सांत-एनिमी. एकूण ८५ किलोमीटरच्या आसपास. हे वर्तुळ याच दिशेने करा, उलट नको. कारणं तीन.

पहिलं, सांत-एनिमीचा हा चढ नदीच्या दक्षिण काठावर, उत्तरेकडे तोंड करून आहे. सकाळी बराच वेळ सावली मिळते. दुसरं, दुपारी तापलेली हवा घळीतून वरच्या दिशेला सरकते. ल रोझिएहून सांत-एनिमीकडे येताना तुम्ही नदीच्या उगमाकडे जात असता, त्यामुळे थकलेल्या शेवटच्या पस्तीस किलोमीटरला वारा बहुधा पाठीशी राहतो. तिसरं फार कमी लोकांच्या लक्षात येतं. तार्नचा रस्ता नदीच्या उजव्या काठाने जातो आणि फ्रान्समध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात. उगमाकडे जाताना तुम्ही नदीच्या कडेला, बुटक्या दगडी कठड्याशेजारी असता. खाली जाताना मात्र कड्याला चिकटून, लोंबत्या खडकांखाली. कड्यातून सुटलेले दगड पडतात ते त्या लेनमध्ये. झोंतमध्ये तुम्ही खाली येणार, म्हणजे तिथे कड्याखालून जावंच लागतं. पाऊस पडून गेला असेल तर त्या २१ किलोमीटरमध्ये रस्त्याच्या कडेला मुठीएवढे, धारदार काठांचे तुकडे पडलेले दिसतील. नजर पंचवीस-तीस मीटर पुढे ठेवा आणि उजव्या काठाला चिकटून न जाता लेनमध्ये मीटरभर आत राहा. ल त्र्युएल या वस्तीजवळ वर गिधाडं घिरट्या घालत असतात. १९८१ पासून ती इथे पुन्हा सोडली गेली आणि रुजली. बघायची असतील तर सायकल थांबवून बघा. चालत्या सायकलवरून मान वर करण्याची ती जागा नाही.

गिअरचा हिशोब

७० किलोचा सायकलस्वार, ९ किलोची सायकल, ६ किलो सामान-पाणी धरून ८५ किलो होतात. सात टक्क्यांच्या चढावर १५० वॅट दिले तर वेग ताशी आठ किलोमीटरच्या थोडा वर. पुढे ३४ आणि मागे २८ असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर जाते, म्हणजे या वेगाला मिनिटाला ५४ फेरे. मागे ३४ असेल तर एका फेऱ्यात २.१ मीटर, मिनिटाला ६५ फेरे. आकडा छोटा वाटतो, पण ५४ फेऱ्यांनी पाऊण तास दाबत राहणं म्हणजे गुडघ्याच्या वाटीवर ताण, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. सपाटीवर वाढलेल्या सायकलस्वाराचं नेमकं हेच होतं: पहिला चढ ताकदीवर मारतो आणि चौथ्या दिवशी गुडघा धरून बसतो.

११-३४ बसवताना दोन गोष्टी तपासा. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा ३४ दात झेपणारा हवा, म्हणजे सहसा मध्यम लांबीचा. आखूड पिंजऱ्याचे बरेच डिरेलर २८ किंवा ३० वरच थांबतात. दुसरं, चेन नवी आणि पुरेशी लांब हवी. पुढची मोठी चेनरिंग आणि मागचा सगळ्यात मोठा स्प्रॉकेट (म्हणजे पुढचं आणि मागचं सगळ्यात मोठं दातेरी चाक) यांवरून चेन डिरेलरमधून न नेता गुंडाळा, टोकं जिथे भेटतात तिथून दोन लिंक जास्त ठेवा. जुनीच चेन ठेवली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला तर ती ताणून डिरेलरसकट हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) मोडते. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, फ्रान्सच्या खेड्यात तुमचा मिळेल ही आशा धरू नका. एक जादा हँगर इथूनच न्या. ३०-४० ग्रॅमची वस्तू आहे, पण ती नसेल तर सहल तिथेच संपते.

उतार आणि ब्रेक

तुमच्या प्रश्नात चढाची काळजी जास्त दिसते. मला काळजी उताराची वाटते, कारण नागपूरच्या आसपास सलग पंधरा मिनिटं उतरण्याची सवयच लागत नाही.

८५ किलो वजन ४५० मीटर खाली येतं तेव्हा ३७५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. लिटरभर नळाचं पाणी उकळीपर्यंत न्यायला लागते त्याहून ही जास्त. त्यातली काही टायर खातात, काही हवा खाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. आता हे बघा: साडेसहा किलोमीटरच्या उतारावर घाबरून ताशी २५ वर सायकल सतत दाबून धरली तर हवेचा अडथळा कमी, आणि ब्रेकच्या वाट्याला सुमारे २७० किलोज्यूल येतात. सरळ तुकड्यांवर सायकल सोडली, सरासरी ताशी ४० झाली, तर हवा बरंच काम करते आणि ब्रेकला १५० च्या आसपासच सोसावं लागतं. म्हणजे ब्रेक सारखा हलका धरून ठेवणारा सायकलस्वार ब्रेक जास्त तापवतो. पद्धत अशी: सरळ रस्त्यावर सोडा, वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असतानाच, दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा, वळणात शिरताना ब्रेक सुटलेला असावा. वेग वाढतोय असं वाटलं तर छाती वर करा, गुडघे किंचित फाका. अंगावर येणारी हवा हा फुकटचा ब्रेक आहे. हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर. हुडवरून (लिव्हरच्या वरच्या बुंध्यावरून) लांब उतारावर ब्रेक दाबत राहिलं की मनगट आणि बोटं बधिर होतात.

रिम ब्रेक चालतील, अट एकच: रिम अॅल्युमिनियमची हवी. कार्बनच्या रिमवर इतका लांब तापणारा उतार नको, आणि आत लेटेक्सची ट्यूब तर नकोच. पॅड नवे घ्या. जुन्या पॅडमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक चमचमते कण रुतलेले असतात, ते रिम खरवडतात. सुईच्या टोकाने काढता येतात. पाऊस लागला की चुनखडीच्या पुडीचा आणि पाण्याचा राखाडी लगदा रिमवर बसतो. तेव्हा चाकाचे पहिले दोन-चार फेरे ब्रेक लागतच नाही आणि पॅड झरझर झिजतो. म्हणून ओल्या उतारावर वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घ्या, मग खरा दाबा.

डिस्कवाल्या सायकलच्या ब्रेकमधलं द्रव प्रवासाला निघण्याआधी बदलून ब्लीड करून (आतली हवा काढून) घ्या. जुन्या द्रवात मुरलेलं पाणी किंवा राहिलेला हवेचा बुडबुडा तापला की लिव्हर हँडलपर्यंत येतो. पॅडचा थर एक मिलिमीटरच्या खाली आला असेल तर नवे टाका आणि ते इथेच बसवून मुरवा: ताशी तीसवरून चाक न अडकवता, जवळजवळ थांबेपर्यंत, पंधरा-वीस वेळा. न मुरवलेला पॅड पहिल्याच लांब उतारावर काचेसारखा चकचकीत होतो, मग आवाज करतो आणि पकडत नाही.

उताराचा हा मुलूख किती गंभीर आहे याची खूण रस्त्यातच आहे. मेजाँ पठार आणि एग्वाल डोंगर यांच्या मधल्या पेर्जुरे खिंडीच्या उतारावर १९६० च्या टूर द फ्रान्समध्ये फ्रेंच शर्यतपटू रोजे रिव्हिएर घळीत कोसळला. पाठीचा कणा मोडला, कारकीर्द संपली. तिथे त्याचं स्मारक आहे.

पाणी

मेजाँ पठारावर नदी नाही, ओढा नाही. मेंढ्यांसाठी दगड लावून बांधलेली गोल तळी दिसतात, ती पिण्याची नव्हेत. सांत-एनिमीहून निघून मेरुएसला पोचेपर्यंत चढ धरून दोन ते अडीच तास जातील, त्यात भरवशाचं दुकान धरू नका. म्हणून दोघांनीही ७५० मिलिलिटरच्या दोन-दोन बाटल्या सायकलला आणि अर्ध्या लिटरची एक खिशात घेऊनच चढायला लागावं. गावातल्या सार्वजनिक नळावर पाटी वाचा: 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्याचं, मध्ये 'नाँ' असेल तर नाही. बऱ्याच कब्रस्तानांच्या फाटकाजवळ नळ असतो, फ्रेंच सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. तिथेही पाटी बघा.

नागपूरकरांची इथे एक उलटीच चूक होते. ४५ डिग्रीची सवय असलेल्या माणसाला जूनमधली २५ डिग्री गार वाटते, तहान लागत नाही, आणि पठारावरच्या कोरड्या वाऱ्यात घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो. तासाला ६०० ते ७०० मिलिलिटर प्यायचं हे घड्याळ लावून ठरवा. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिटरला ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्ध्या लिंबाचा रस.

खाणं तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं या हिशोबाने. इथून शेंगदाण्याची चिक्की, तिळाचे लाडू, खजूर न्या. संत्रा बर्फी मात्र घरीच ठेवा: युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, आणि बर्फीत खवा आहे. तिथली खेड्यांतली दुकानं दुपारी बारा-साडेबारा ते तीनच्या सुमारास बंद असतात, अनेक जागी सोमवारीही. दुपारचा पाव, केळी आणि चीज सकाळीच खिशात टाका. शाकाहारी असाल तर 'आलिगो' विचारा: बटाटा आणि ताज्या चीजचं तार सुटणारं भरीत. संध्याकाळी चढ-उतार झाल्यावर त्यासारखं काही नाही.

टायर आणि रस्ता

टायर २८ मिमी किमान, सायकलमध्ये बसत असतील तर ३२. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमीला पुढे ६८ आणि मागे ७३ पीएसआयच्या आसपास, ३२ मिमीला ५५-६०. शंभरच्या वर हवा ठोकायची जुनी सवय सोडा. कडक टायर खडीवर उड्या मारतो आणि वळणात पकड सोडतो. चुनखडीचा ताजा तुकडा सुरीसारखा असतो. तो मधल्या रबरात कमी घुसतो, बाजूची भिंत जास्त चिरतो. बाजू चिरली तर नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही, आतून गेटर (चिरेवर बसवायचं ठिगळ) लावावा लागतो. आपल्या पंक्चरवाल्यांकडे मिळतो तसा, किंवा जुन्या टायरचा चार सेंटीमीटरचा तुकडा काठ घासून पातळ करून जवळ ठेवा. ट्यूबलेस असाल तर निघण्याच्या आठवड्यात सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) नवं भरा. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत आत सुकून पापुद्रा होतं आणि बाहेरून काही कळत नाही.

उन्हाळ्यात तिथे डांबरावर बारीक खडी पसरून रस्ते दुरुस्त करतात. 'ग्राव्हियाँ' अशी पिवळी किंवा लाल चौकटीची पाटी दिसली की पुढचे किलोमीटर-दोन किलोमीटर सुट्या खडीचे समजा. वाहनांच्या चाकांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यात चालवा, वळणात सायकल कलू देऊ नका, पुढचा ब्रेक हळू. पठारावर गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी टाकलेली असते. ती काटकोनात, पायडल न मारता, ब्रेक न लावता ओलांडा. ओली असली तर साबणासारखी.

तार्नच्या रस्त्यावर खडकातून कोरलेले छोटे बोगदे आहेत. लांबी कमी, पण बाहेरच्या पांढऱ्या कड्यांचा चकचकाट इतका असतो की आत शिरल्यावर दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. शिरण्याआधी गॉगल नाकावर खाली ओढा. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा इतक्या पटकन उजळत नाहीत. मागचा लाल दिवा दिवसभर चालू ठेवा. जिथे कडा रस्त्यावर झुकला आहे तिथे उंच कॅम्परगाड्या मधल्या रेषेवर येतात, शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये होड्या वाहणारे ट्रेलर. तुम्ही जून निवडलात ते बरोबर केलंत. मे आणि सप्टेंबरही चांगले.

कायद्याने गाडीने सायकलला ओलांडताना वस्तीत एक मीटर, वस्तीबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि बहुतेक लोक सोडतात. तुम्ही मागून हॉर्नची वाट बघत बसाल, तो वाजणार नाही. म्हणून लेन बदलण्याआधी मागे वळून बघणं ही सवय आतापासून लावा. वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. आणखी एक: खुणेची पाटी नसेल अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, रस्ता कितीही लहान असो.

घळीत जीपीएसवर विसंबू नका. उंच कड्यांवर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे नकाशावर तुम्ही नदीत दिसता, आणि हवेच्या दाबावर उंची मोजणारं यंत्र नसेल तर चढाची टक्केवारी निव्वळ अंदाज असते. मोबाइलचं जाळंही जागोजागी जातं. नकाशा आधी उतरवून ठेवा, तातडीचा क्रमांक ११२.

तळ आणि पठार यांत पाचशे मीटरचा फरक, म्हणजे तापमानात तीनेक डिग्रीचा. पण वारा धरला तर अंगाला त्याहून खूप जास्त लागतो. सकाळी घळ धुक्याने भरलेली आणि वर लख्ख ऊन असंही होतं. चढताना घामाने भिजलेली जर्सी घालून तसंच उतरायला लागलात तर दहा मिनिटांत बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. पातळ वाराजॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे जूनमध्येही खिशात हवेत. एग्वाल (१५६७ मीटर) करणार असाल तर हे दुप्पट खरं: तिथे १८९४ मध्ये हवामान वेधशाळा उभारली गेली ती उगाच नव्हे. धुकं आणि वारा त्या डोंगराचे रोजचे पाहुणे.

नागपुरात काय करायचं

सेमिनरी हिल्सचा चढ मिनिट-दोन मिनिटांत संपतो. तो दहा वेळा केलात तरी दर वेळी उतरताना विश्रांती मिळते, पाऊण तासाच्या सलग चढाची बरोबरी होत नाही. रामटेकच्या गडाचा रस्ताही लहानच, पण वळणं आहेत, म्हणून तो उतार शिकायला वापरा: वळणाआधी ब्रेक, वळणात मोकळं, नजर वळणाच्या पलीकडे. सकाळी सहाच्या आत, वाहनं नसताना.

सलग चढाची जागा ट्रेनरवरच (घरात सायकल बसवून जागेवर चालवायच्या यंत्रावर) भरून काढावी लागेल. पुढच्या चाकाखाली सात सेंटीमीटरचा ठोकळा द्या. दोन चाकांमधलं अंतर साधारण एक मीटर असतं, म्हणून सात सेंटीमीटर म्हणजे सात टक्के. त्याने पाठ आणि बैठक चढावर असते तशी होते, जे सपाट ट्रेनरवर कळतच नाही. आठवड्यातून दोनदा २० मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच मिनिटं हलकं, ६० ते ७० फेऱ्यांनी. वाक्य सलग बोलता येणार नाही पण चार शब्द बोलता येतील इतका जोर. सहा आठवड्यांत दोनाचे तीन तुकडे करा. ट्रेनर नसेल तर वर्धा रोडला समोरून वारा असेल त्या सकाळी हेच करा. एप्रिल-मेमध्ये साडेपाचला निघून आठपर्यंत घरी.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एक शनिवार-रविवार चिखलदऱ्यासाठी काढाच. परतवाड्यापासून वर घाट साधारण तीस किलोमीटर आहे. सातपुड्यातला हा बेसाल्टचा घाट चुनखडीसारखा नाही, पण सलग चढणं आणि सलग उतरणं या दोन्हींची परीक्षा होते. गाडीने परतवाड्यापर्यंत जा, उजेड झाल्यावरच चढायला लागा कारण रस्ता जंगलातून आहे, आणि उतरल्यावर तळाला ब्रेक तपासा: पॅड किती झिजला, लिव्हर किती आत जातो. जे बिघडायचं ते तिथे बिघडू द्या.

सायकल न्यावी की भाड्याने? सहा दिवसांसाठी माझं मत: रिम ब्रेकवाली इथेच ठेवा आणि ११-३४ गिअरची डिस्कवाली तिथे भाड्याने घ्या; डिस्कवाली आपली न्या. भाड्याच्या सायकलसाठी आपले पायडल, बूट आणि सॅडल न्या, आणि आपल्या सायकलवर क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत आणि सॅडलच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत मापं घेऊन लिहून ठेवा. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, घाईत चुकीच्या दिशेने ताणू नका. भाड्याची सायकल ताब्यात घेताना सगळ्यात आधी ब्रेक लिव्हर बघा. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये उजवा म्हणजे मागचा. दचकून उजवा दाबायची सवय असलेल्याला तिथे वेग कमीच होत नाही, आणि घाबरून डावा दाबला की पुढचं चाक अडकतं. पहिल्या दिवशी रिकाम्या जागेत वीस वेळा थांबून बघा.

स्वतःची सायकल पेटीत भरताना डिस्कचं चाक काढलं की पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येऊन अडकतात. मागचा डिरेलर सोडवून बबलरॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. गॅसची सिलिंडरं विमान कंपनीप्रमाणे अडतात, हातपंप न्या. पेटीचं वजन २३ किलोच्या आत ठेवा.

चौथ्या दिवशी सायकलला सुट्टी द्या आणि आवेन आर्मां ही गुहा बघा. पठारावरून मुरलेलं पाणी जातं कुठे आणि करतं काय, ते तिथे डोळ्यांनी दिसतं. १८९७ मध्ये लुई आर्मां या लोहाराला सापडलेलं हे विवर, आत चुन्याच्या खांबांचं रान. त्याच संध्याकाळी दोन्ही सायकलींचे पॅड मोजा, टायरमध्ये रुतलेले खडे टोचणीने काढा आणि हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला झालाय का ते पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलून बघा. पाचव्या दिवशी मेरुएसहून पेर्जुरेमार्गे एग्वाल, हवा स्वच्छ असेल तरच. नसेल तर झोंत पुन्हा करा, या वेळी मेरुएसकडे चढत. त्या दिशेने तुम्ही नदीच्या बाजूच्या लेनमध्ये असता, वेग कमी असतो, आणि दोन दिवसांपूर्वी उतरताना न दिसलेले समोरचे नुआर पठाराचे कडे सगळे दिसतात.